डंपी लेव्हलवाला कून व्हॅलीत

मुलीनं विचारलं, "बाबा, नायगारा की शिकागो?"

मी म्हटलं, "कून व्हॅली."

ती आठ वर्षं विस्कॉन्सिनमध्ये राहतेय, पण हे नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. फोनवर शोधून म्हणाली, "हजारसुद्धा वस्ती नाही हो त्या गावाची. तिथं बघायचं काय?"

ते मलाही नीट सांगता येईना. माझी सगळी नोकरी मृद संधारणात गेली. सांगोला, मंगळवेढा, पुढं थोडं माण-खटाव. खांद्यावर डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, मागं स्टाफ (मापाची उंच पट्टी) धरणारा गडी आणि समोर कुसळाचा माळ. नोकरीच्या पहिल्या वर्षी सोलापूरला प्रशिक्षण झालं, तेव्हा एका साहेबांनी फळ्यावर हे नाव लिहिलं होतं. एका शेताचा नाही, एका गावाचा नाही, अख्ख्या ओढ्याचा विचार करून अमेरिकेत पहिलं काम झालं ते इथं, १९३३ साली. 'पाणलोट' हा शब्द पुढं आमची भाकरी झाला. त्याची ही एक गंगोत्री. नायगारा टीव्हीवर पाहिलाय.

मुलीनं गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. ही नातवाजवळ मॅडिसनलाच थांबली. "ओघळी बघायला मी येत नाही, जन्मभर तेच ऐकलंय," म्हणाली, पण दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

गुरुवार

मॅडिसन सोडून चौदा नंबरच्या हायवेनं पश्चिमेला निघालो. जुलैचा शेवट. उकाडा आपल्या पुण्यासारखा नाही, रत्नागिरीसारखा: अंगाला चिकटणारा. पहिला अर्धा तास सगळं सपाट, मका आणि सोयाबीन. मग हळूहळू जमिनीनं अंग वर काढायला सुरुवात केली.

या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा मुलूख रंधा मारल्यासारखा तासून काढला, हा तुकडा तेवढा सुटला. म्हणून इथं खोल दऱ्या, उभे कडे, नागमोडी ओढे. आपल्याकडे वर माळ असतो आणि खाली मळा. इथं वरही मळा, खालीही मळा आणि मधे जंगलाचा उभा उतार. टेकड्यांच्या माथ्यावर वाऱ्यानं आणून टाकलेली लोएस नावाची माती आहे, बोटांत चोळली तर पिठासारखी. सुपीक, पण वाहून जायला एका पायावर तयार. अशी माती इतक्या उतारावर हे पाहिल्यावर माझ्या पोटात जरा कालवलं. सवय, दुसरं काय.

स्प्रिंग ग्रीनजवळ नदीकाठी दशम्या सोडल्या. रिचलंड सेंटर, रीड्सटाऊन करत दुपारी वायरोक्वा. त्याच्या अलीकडेपलीकडे रस्त्याच्या कडेनं आमिश या मोटारी न वापरणाऱ्या पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या दिसायला लागल्या. मुलीनं गाडी हळू केली, टांग्यातल्या पोरानं हात केला, मीही केला. मोटेलात दोन खाटांची खोली सांगितली होती, मिळाली एका खाटेची. काउंटरवरच्या बाईनं एक घडीची खाट आणून दिली, तिचा मधला दांडा रात्रभर माझ्या कमरेत. असो.

शुक्रवार

हा खरा दिवस.

वेस्टबी ओलांडलं की रस्ता घाटासारखा खाली उतरतो आणि दरीच्या तळाशी कून व्हॅली लागतं. एक पेट्रोल पंप, चर्च, बँक, बार. गावाबाहेर हायवेच्या कडेला एक फलक आहे: देशातला पहिला पाणलोट प्रकल्प. आम्ही गाडी थांबवली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. फलकाचा फोटो काढणारे आम्ही त्या दिवशीचे बहुधा पहिले आणि शेवटचे.

गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथं नॉर्वेजियन लोक आले. आधी गहू, मग गहू थकल्यावर गाई. सरकारी मोजणीनं जमीन चौकोनात वाटलेली, पाटीवर रेघा माराव्यात तशी. शेत चौकोनी म्हणून नांगरही सरळ, म्हणजे टेकडीवर खालीवर. शिवाय मधल्या जंगलाच्या उतारावर गाई सोडलेल्या. त्यांनी खालचं सगळं रान खाल्लं, तुडवून जमीन घट्ट केली. पाणी जिरायचं थांबलं. १९२०-३० च्या सुमाराला अशी स्थिती झाली की वळवाचा एक मोठा पाऊस आला की ओढा शेतं, रस्ते, पूल घेऊन जायचा आणि दरीत गाळ पसरून ठेवायचा. उतारावरच्या घळीत घर मावेल, असे त्या काळचे फोटो आहेत.

मग १९३३. मंदीचा काळ. ह्यू हॅमंड बेनेट नावाच्या मातीच्या माणसाच्या हाती नव्यानंच काढलेलं धूप निवारणाचं खातं आलं. लोकांना भाषणं नकोत, डोळ्यांनी दिसणारं काहीतरी द्यावं, म्हणून त्यानं हा ओढा निवडला. नव्वद हजार एकरांच्या आसपासचं पाणलोट. जवळच ला क्रॉसला धुपीचं संशोधन केंद्र होतं, मॅडिसनच्या विद्यापीठातले लोक होते. आल्डो लिओपोल्ड तिथं नुकताच प्राध्यापक झाला होता, त्यानं रानाचा आणि वन्यजीवांचा भाग बघितला. आणि हातपाय म्हणून सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरची पोरं: बेकार तरुण, छावणीत राहायचे, महिना तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस परस्पर घरी.

हे वाचलं तेव्हा मला आमचा बहात्तरचा दुष्काळ आठवला. मी बारा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर पाट्या टाकायला जायची, येताना पदरात सुकडी असायची. तो बांध कशासाठी घालतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते मस्टर होतं. इथल्या पोरांनाही पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

शेतकऱ्याशी करार पाच वर्षांचा. सरकारनं मजूर, चुना, बियाणं, कुंपणाची तार द्यायची. शेतकऱ्यानं दोन गोष्टी कबूल करायच्या: नांगर समपातळीत, म्हणजे उताराला आडवा, चालवायचा आणि उभ्या उतारावरच्या जंगलातून गाई काढायच्या. दुसरी अट जास्त जड गेली असणार. चरायची जागा सोड म्हणणं म्हणजे काय, हे मी माणमधल्या धनगरांसमोर उभं राहून अनुभवलंय. तरी पहिल्या दोन वर्षांत आठशेपैकी चारशेहून जास्त शेतकऱ्यांनी सह्या केल्या. आमच्या वेळी सह्यांची भानगड नव्हती. १९४२ च्या मुंबई राज्याच्या कायद्यापासून पद्धत अशी की गट नकाशावर घ्यायचा, योजना जाहीर करायची, हरकती ऐकायच्या आणि बांध घालायचा. शेतकरी समोर उभा राहून बघायचा. आणि पुढच्या खरिपात दर वर्षी वीतभर करत तो बांध नांगरून टाकायचा. चूक त्याची नव्हती. दोन एकराच्या तुकड्यातून आमचा बांध तिरका गेला की त्याच्या औताला वळायला जागा उरायची नाही.

फलकापासून एका बाजूच्या रस्त्यानं आम्ही वर माथ्यावर गेलो. आणि तिथून जे दिसलं त्यासाठी आलो होतो.

समोरच्या टेकडीवर पट्टे. एक गडद हिरवा मक्याचा, त्याच्याखाली एक पिवळा पडलेला ओटचा, त्याच्याखाली कापलेल्या अल्फाल्फा गवताचा फिकट हिरवा, परत मका. टेकडीला वळण आलं की पट्ट्यांनाही वळण. वाटावं की लाकडाच्या फळीवरच्या रेषा आहेत. यात कुठंही मातीचा उंचवटा नाही. आपला समपातळी बांध पाणी अडवतो, हा पट्टा पाण्याची चाल मोडतो. मक्याच्या ओळींतून सुटलेलं पाणी गवतात शिरलं की दमतं आणि हातातली माती तिथंच टाकतं. दर वर्षी पट्ट्यांची पिकं पुढं सरकतात. मक्यानंतर ओट, ओटच्या पोटात पेरलेलं गवत, ते दोन-तीन वर्षं ठेवायचं, मग पुन्हा मका. बांधात जमीन जात नाही, ही त्यातली मोठी सोय. पण त्यासाठी पट्टा रुंद हवा, म्हणजे शेत मोठं हवं, आणि गवत खायला गाय हवी. आमच्याकडं दोन्ही गोष्टी नव्हत्या म्हणून आम्ही माती रचली.

माझा हात शिवशिवायला लागला. लेव्हल नव्हती. गाडीतली पाण्याची बाटली घेतली, अर्धी रिकामी, आडवी धरली. मुलीला म्हटलं, "गवताच्या कडेनं सत्तर-ऐंशी पावलं जा आणि उभी राहा."

"बाबा, लोकांचं शेत आहे."

"आत जाऊ नको, कडेनं जा."

ती लहान असताना सुट्टीत माझ्याबरोबर यायची आणि स्टाफ धरायची. तेव्हा तो तिच्यापेक्षा उंच होता. आता ती माझ्या डोळ्यांच्या उंचीला हात धरून उभी राहिली आणि मी बाटलीतल्या पाण्याच्या रेषेवरून एक डोळा मिटून पाहिलं. रेषा तिच्या हाताच्या चार बोटं खाली लागली. बाटलीनं मोजलेल्याची चूक त्याहून जास्त असेल. म्हणजे पट्टा समपातळीत. कुणीतरी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्या खुंट्या अजून नांगराच्या सवयीत आहेत.

एवढ्यात शेताचा मालक लाल ट्रॅक्टरवरून आला. साठीच्या आसपासचा. मुलीनं घाईघाईनं माफी मागितली आणि माझे वडील भारतात हेच काम करायचे, असं सांगितलं. तो खाली उतरला, माझ्या हातातल्या बाटलीकडं बघितलं आणि हसला. त्याला ते कळलं होतं. आजोबांनी त्या पहिल्या करारावर सही केली होती, म्हणाला. वडिलांना सरळ ओळीत पेरणारे शेजारी हसायचे, तेही नंतर गप्प झाले. मग त्यानं पलीकडच्या टेकडीकडं बोट दाखवलं. तिथं पट्टे नव्हते. एकसारखी मका, माथ्यापासून जंगलाच्या कडेपर्यंत.

"दोन वर्षांपूर्वीपर्यंत होते," तो म्हणाला. "त्यांनी गाई विकल्या."

गेल्या वीस वर्षांत विस्कॉन्सिनमधल्या निम्म्याहून जास्त डेअऱ्या बंद पडल्या आहेत. गोठा रिकामा झाला की गवताला गिऱ्हाईक नाही. मग पट्ट्यात गवत कोण ठेवणार? मका आणि सोयाबीनला बाजार आहे, मोठ्या यंत्राला सरळ लांब ओळ आवडते. सरकारी कराराची मुदत कधीच संपलेली. गेली ऐंशी वर्षं हे पट्टे टिकवले ते गाईनं. योजना आखणाऱ्यांनी गाईला खलनायक धरलं होतं, उतारावरून हाकलून लावलं होतं, आणि शेवटी राखण तिनंच केली. हे मी त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मुलीनं नीट करून सांगितलं. तो म्हणाला, "अजून चाळीस आहेत माझ्याकडं." मुलगा काय करतो ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओढ्यावर गेलो. गार, स्वच्छ पाणी, गुडघाभर. लांब बुटात उभे राहून दोन जण ट्राउट मासे धरत होते. माथ्यावर पाणी मुरतं, झऱ्यांतून खाली येतं, म्हणून ओढा उन्हाळ्यातही गार आणि वाहता. तीसच्या दशकात हाच ओढा पावसात चिखल आणि एरवी गढूळ होता. नॉर्स्केडालेन नावाचं नॉर्वेजियन लोकांचं जुन्या घरांचं संग्रहालय बघायचं राहिलं. पाच वाजता बंद झालं.

शनिवार

सकाळी धरणांकडं.

१९५४ मध्ये अमेरिकेनं छोट्या पाणलोटांसाठी एक कायदा केला. त्या काळात तिकडं मोठा वाद होता: पूर अडवायचा कुठं? लष्कराच्या इंजिनियरांचं म्हणणं, खाली नदीवर मोठं धरण बांधा. कृषी खात्याचं म्हणणं, वर ओढ्याओढ्यावर लहान लहान बांधा. या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं. ज्या धरणाला पैसे हवेत, त्याच्या वरच्या पाणलोटातली किमान निम्मी जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी आधी मृद संधारणाची कामं करायचं मान्य केलं पाहिजे. आधी शेत, मग भिंत. आपल्याकडं 'माथा ते पायथा' म्हणतात ते हेच, फक्त आपण ते घोषणेत ठेवलं, त्यांनी कायद्यात.

त्या योजनेत कून क्रीकवर, म्हणजे याच ओढ्यावर, चौदा आणि शेजारच्या किकापू नदीच्या वेस्ट फोर्क या फाट्यावर नऊ मातीची धरणं झाली, बहुतेक १९६० च्या आगेमागे. बरीचशी कोरडी. एरवी आत गवत, गाई चरतायत. पाऊस आला की पाणी साठायचं आणि काँक्रीटच्या उभ्या मनोऱ्याच्या तोंडातून, खालच्या नळानं, बेताबेतानं बाहेर. आपल्या पाझर तलावासारखं मुरवायचं काम यांच्याकडं नाही. यांचं काम फक्त पुराला उशीर करायचा.

२७ ऑगस्ट २०१८ च्या रात्री या भागात काही ठिकाणी दहा इंचांच्या वर पाऊस पडला आणि पाच धरणं फुटली. तीन कून क्रीकची, दोन वेस्ट फोर्कची.

त्यांतलं एक रस्त्यावरून दिसतं. गाडी कडेला लावली. भिंत तशीच उभी आहे, हिरवीगार, गवत वाढलेली, माथा सरळ. पहिल्यांदा वाटलं चुकीच्या ठिकाणी आलो. मग नजर भिंतीबरोबर सरकत टेकडीकडं गेली आणि जिथं माती टेकडीच्या खडकाला टेकायला हवी होती, तिथं काहीच नव्हतं. सरळ खाली गेलेलं भगदाड, एका बाजूला मातीचा काप, दुसऱ्या बाजूला उघडा पिवळट वालुकाश्म. आणि त्या वालुकाश्मात उभ्या भेगा, हाताचा पंजा जाईल एवढ्या.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, चेहरा का असा झालाय?"

सांगितलं तिला. नोकरीच्या सहाव्या वर्षी आमच्या हाताखाली एक माती नालाबांध झाला होता. मातीची दबाई चांगली, वरचं दगडी पिचिंग चांगलं, सांडवाही मापात. पायाचा चर नाल्याच्या तळात नीट घेतला, पण बाजूला, जिथं भिंत टेकडीला भिडते, तिथं मुरमाच्या आत जेवढा न्यायला हवा होता तेवढा नेला नाही. मार्चअखेर होती. बिल निघायचं होतं. दुसऱ्या पावसात बांध फुटला, मधून नाही, बाजूनं. खाली एका म्हातारीची दोन करडं गेली. अहवालात 'अतिवृष्टी' लिहिलं. मीच लिहिलं.

इथं तशी घाई झाली नव्हती. चौकशीत निघालं ते असं: या दऱ्या कोरल्या गेल्या तेव्हा बाजूच्या खडकावरचा दाब गेला आणि उताराला समांतर भेगा पडल्या. त्या वरून दिसत नाहीत. १९६० च्या सुमाराच्या पद्धतीनं बांधताना या भेगा बंद केल्या नव्हत्या. धरण तुडुंब भरलं की पाणी भेगांत शिरतं, भिंतीची माती आतून ओढून नेतं आणि सांधा उघडतो. म्हणजे जी फुटली नाहीत त्यांच्याही कडेला हाच खडक. दुरुस्तीचा खर्च फायद्यापेक्षा जास्त, म्हणून उरलेली धरणंसुद्धा काढून टाकावीत अशी शिफारस सरकारी अभ्यासानं केली. साठ वर्षं ज्या भिंतीच्या भरवशावर खाली घरं झाली, त्यांना सांगायचं की ही भिंतच धोका आहे. आमच्या खात्यातल्या कुणाला हे सांगायची वेळ यावी असं मला वाटत नाही, आणि येणार आहे हेही माहिती आहे. बहात्तरच्या बांधांचीही पन्नाशी उलटली.

त्या पुरानंतर इथल्या शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून कून क्रीकची स्वतःची पाणलोट परिषद काढली. पुन्हा बैठका, पुन्हा गवत, पुन्हा शेतावर पाणी मुरवायच्या गोष्टी. १९३३ ला जिथून सुरुवात झाली, तिथंच.

दुपारी सोल्जर्स ग्रोव्हवरून गेलो. किकापूच्या पुराला कंटाळून हे गाव १९७८ च्या पुरानंतर आपली बाजारपेठच उचलून उंचावर घेऊन गेलं आणि नव्या इमारतींना सूर्याची ऊब वापरायची सक्ती केली. जुन्या जागी आता बाग आहे. छान वाटलं, पण मन सकाळच्या भगदाडातच होतं.

तिथून वर ला फार्ज. इथं किकापूवर लष्कराच्या इंजिनियरांचं मोठं धरण व्हायचं होतं. १९६२ ला मंजुरी, त्यानंतर जमिनी घेतल्या, सुमारे दीडशे कुटुंबं उठवली, १९७१ ला काम सुरू आणि १९७५ ला बंद. खर्च वाढला, पाणी सडेल अशी भीती निघाली. शंभर फुटांचा काँक्रीटचा मनोरा आणि अर्धी भिंत रानात उभी आहे. धरण नाही, तलाव नाही, पूर तसाच. जमीन मात्र परत मिळाली नाही. साडेआठ हजार एकरांचं राखीव रान केलं आणि ज्यांची ती मुळातली भूमी त्या हो-चंक लोकांना त्याच्या कारभारात वाटा दिला.

मनोऱ्याखाली उभं राहून मुलगी म्हणाली, "यांनापण प्रकल्पग्रस्त म्हणायचं का?"

उजनीत आमच्या आत्याचं घर गेलं. तिनं निदान पाणी बघितलं. नवीन गावठाणातून रोज संध्याकाळी बघायची. इथल्यांना तेही नाही. उठवलेल्या घरांचे पाये गवतात आहेत, एका जागी लिलॅकची झुडपं रांगेत उभी होती. रानात झुडपं रांगेत येत नाहीत. तिथं कुणाचं तरी अंगण होतं.

मोटेलावर आल्यावर मी घडीची खाट मुलीला दिली. ती म्हणाली, दांडा आहे खरा.

रविवार

ओढ्याबरोबर खाली निघालो. कून व्हॅलीच्या खाली चेसबर्ग, त्याच्याखाली स्टॉडर्ड, तिथं ओढा मिसिसिपीला मिळतो. मिसिसिपी बघून मुलगी खूश. रुंद, संथ, बेटाबेटांची. मी दहा मिनिटं बघितली.

मला बघायचा होता तो चेसबर्गकडचा काठ. वरची सगळी माती गेली कुठं, तर इथं. स्टॅनली ट्रिंबल नावाच्या भूगोलाच्या माणसानं कित्येक वर्षं याच ओढ्याच्या गाळाचा हिशेब ठेवला. १९३० च्या दशकात दरीत ज्या वेगानं गाळ साचत होता, त्याच्या अवघा सहा टक्के वेग १९७५ ते १९९३ मध्ये उरला होता. एखाद्या मृद संधारणवाल्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. आमच्या तीस वर्षांच्या कामाचा असा हिशेब कुणी मांडला असता तर काय निघालं असतं, या विचारानं मी थोडा अस्वस्थ झालो. आम्ही मीटरमध्ये मोजायचो, किती मीटर बांध घातला. माती किती थांबली हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

पुलाशेजारून खाली उतरलो. ओढ्यानं काठ सरळ कापला होता, माझ्या डोक्याच्या वर. त्यात वरपासून खालपर्यंत फिकट तपकिरी माती, पातळ पातळ थरांची, चपातीचे पदर सुटावेत तशी. एकेक थर म्हणजे एकेक पूर. आणि तळाशी, पाण्याच्या हातभर वर, एकदम काळा पट्टा. कड इतकी साफ की सुरी फिरवल्यासारखी.

"हे काय?" मुलीनं विचारलं.

"ही दरीची खरी जमीन. पहिला नांगर लागायच्या आधीची. तिच्यावरचं हे सगळं टेकडीवरून आलंय."

गाडीच्या किल्लीनं मी काळ्या पट्ट्यातून थोडी माती उकरली. ओली, घट्ट, रवाळ. दाबली की गोळी होत होती, सोडली की दाणे सुटत होते. नाकाजवळ नेली. पावसाळ्यापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा उचलला की येतो तो वास. मग वरच्या थरातली घेतली. तीच ती पिठाची. गोळी होईना, बोटांवर पावडर राहिली. दोन्ही हातांत दोन माती घेऊन मी उभा आणि वर माझ्या डोक्यावरून दीडशे वर्षांची नांगरट थरांनी गेलेली.

"थोडी नेऊया का घरी? सोलापूरच्या केंद्रात दाखवीन."

"बाबा, एअरपोर्टवर फॉर्म असतो. माती आहे का विचारतात. बुटाला लागलेली पण चालत नाही."

परत जाताना वेस्टबीच्या वरच्या माथ्यावर एक ट्रॅक्टर रविवार असूनही गवताच्या पेंढ्या बांधत होता. पट्टा वळला तिथं तोही वळला. मुलीनं न सांगता गाडी हळू केली.

मॅडिसनला पोचेपर्यंत अंधार झाला होता. हिनं दारातच अडवलं, "ते बूट आत आणू नका." अंगणातल्या नळाखाली बसून जुन्या टूथब्रशनं मी तळवे घासले. मुलगी दिवा धरून उभी होती. खाचांमधून चिखल सुटत होता आणि गटाराच्या जाळीकडं चालला होता. त्यातली काळी कोणती आणि फिकट कोणती, ते आता ओळखू येत नव्हतं.